स्टार रेडर्स

स्टार रेडर्स हा अटारी कंपनीने १९८० मध्ये आपल्या अटारी ४०० आणि अटारी ८०० या घरगुती संगणकांसाठी प्रकाशित केलेला अवकाशयुद्धाचा व्हिडिओ गेम आहे. तो कंपनीतील अभियंते डग न्यूबाउर यांनी लिहिला. या संगणकांत आवाज निर्माण करणाऱ्या 'पोकी' या चिपच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. संपूर्ण खेळ अवघ्या ८ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये सामावलेला आहे.

खेळाचे स्वरूप

खेळाडू एका अवकाशयानाचा चालक असतो. यानाच्या काचेतून दिसणारे, अंगावर धावून येणारे तारे आणि झायलॉन नावाच्या शत्रूची याने हे त्या काळी या खेळाचे मोठे आकर्षण होते. परंतु लढाई हा खेळाचा अर्धाच भाग आहे. कळफलकावरील एक कळ दाबली की दीर्घिकेचा नकाशा समोर येतो. त्यात १२८ विभाग असून शत्रूचे ताफे आणि खेळाडूच्या बाजूचे अवकाश तळ दाखवलेले असतात. शत्रू एखाद्या तळाला वेढा घालतो आणि तो वेळीच मोडला नाही, तर तळ नष्ट होतो. इंधन भरणे आणि दुरुस्ती केवळ तळावरच शक्य असल्याने हे नुकसान पुढे जाणवत राहते.

दूरच्या विभागात उडी घेण्यास अधिक ऊर्जा लागते. मारा बसल्यास यानाच्या यंत्रणा एकेक करून निकामी होतात. रेडिओ बिघडला तर नकाशावर नवी माहिती उमटणे थांबते आणि खेळाडू जुन्याच चित्रावर विसंबून निर्णय घेऊ लागतो.

मोहीम संपल्यावर गुणांनुसार हुद्दा मिळतो. सर्वोच्च हुद्दा 'स्टार कमांडर' असून तळाच्या हुद्द्यांत 'गॅलॅक्टिक कुक', म्हणजे चक्क आचारी, याचाही समावेश आहे.

वर्गीकरण

पडद्यावरील दृश्यावरून या खेळाची गणना बहुधा नेमबाजीच्या खेळांत केली जाते. ती अपुरी आहे. दीर्घिकेच्या नकाशाची कल्पना १९७१ मध्ये माइक मेफील्ड यांनी लिहिलेल्या 'स्टार ट्रेक' या मजकुरावर आधारित खेळातून आली. त्या खेळात मात्र आज्ञा टंकित केल्याखेरीज काही घडत नसे. न्यूबाउर यांनी घड्याळ चालू ठेवले. खेळाडू एका विभागात लढत असताना इतरत्र शत्रूच्या हालचाली सुरूच राहतात, आणि नकाशा न्याहाळत बसले तरी वेळ थांबत नाही. चांगला नेम असलेला खेळाडूही चुकीच्या ठिकाणी लढत राहिल्यास तळ गमावतो. त्यामुळे हा खेळ ॲक्शन आणि डावपेच या दोन्ही प्रकारांत मोडतो. नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर खेळ मिनिटांत संपावा अशी अपेक्षा असे. घरगुती संगणकावर ते बंधन नसल्याने अशी लांबणारी मोहीम शक्य झाली.

वारसा

१९८२ मध्ये हा खेळ अटारी २६०० व अटारी ५२०० या यंत्रांवर आला. २६०० साठी कळांची कमतरता भरून काढणारा स्वतंत्र कीपॅड द्यावा लागला. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील हेन्री लोवुड यांच्या पुढाकाराने जतन करण्याजोग्या १० महत्त्वाच्या व्हिडिओ गेमची यादी जाहीर झाली. तीत 'स्पेसवॉर!', 'टेट्रिस' व 'सिमसिटी' यांच्याबरोबर 'स्टार रेडर्स'चाही समावेश होता. मूळ असेंब्ली भाषेतील प्रोग्राम २०१५ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर उपलब्ध झाला.