सोंवळी चूल आणि नानकटाईची भट्टी

दिवाळी चारपांच दिवसांवर आली म्हणजे पुण्यामुंबईच्या जुन्या वस्त्यांतून बेकरीच्या दारांत एक निराळीच गर्दी जमत असे. नेहमींचें गिऱ्हाईक पाव घ्यावयास येई तें रिकाम्या हातानें; हें गिऱ्हाईक मात्र फडक्यांत बांधलेला पितळी डबा घेऊन येई. डब्यांत घरीं कढविलेलें तूप, दळलेली साखर, मैदा, ओंजळभर रवा, थोडें बेसन आणि कागदाच्या पुडींत सोललेले वेलदोडे असत. बेकरीवाला तें सर्व परातींत घेई, तळहातानें रगडी, लिंबाएवढे गोळे चपटे करून पत्र्यावर मांडी आणि लांब दांड्याच्या फावड्यानें पत्रा भट्टींत सारी. डबा घरीं परत येई तेव्हां त्यांत नानकटाई असे. बेकरीवाल्यास मिळे ती केवळ मजुरी. ही चाल अजूनहि अगदींच मोडलेली नाहीं.

माल घरचा आणि अग्नि तेवढा परका, अशी ही व्यवस्था. ती इतकी साधी दिसते कीं तिच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येऊं नये. परंतु ज्या समाजांत सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं परक्या हातचें बिस्कीट तोंडांत टाकल्याचा नुसता बोभाटा झाला तरी घरच्या श्राद्धास ब्राह्मण मिळेनासा होई, त्याच समाजाच्या फराळाच्या ताटांत भट्टींतला एक पदार्थ करंजीशेजारीं जाऊन बसला, ही गोष्ट आपोआप घडलेली नाहीं.

मराठी स्वयंपाकघरांत चूल होती, वैल होता, शेगडी होती; भट्टी नव्हती. गोड पदार्थ तळावा, उकडावा, पाकांत घालावा किंवा तव्यावर शेकावा, एवढेच प्रकार गृहिणीस ठाऊक. रोडगे आणि बाट्या गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजीत, पानगे पानांत गुंडाळून निखाऱ्यावर ठेवीत, पण सणाच्या गोडधोडांत त्यांची गणना नव्हती. चहूंकडून सारखी कोरडी धग लागून पदार्थ हलका व्हावा, ही कल्पना या चुलीची नव्हे. पाव हा शब्दच मुळीं पोर्तुगीजांच्या बरोबर आला. गोंव्यांतील पदेर माडाची सूर घालून पीठ आंबवीत. म्हणजे पावाबरोबर तीन दोष एकदम चिकटले: पीठ आंबविलें तें मादक द्रव्यानें, मळलें तें परधर्मीयाच्या हातानें, आणि त्यांत पाणीहि त्याच्याच घरचें. वसई आणि गोंवें या भागांत विहिरींत पावाचा तुकडा टाकून गांवचा गांव बाटविल्याच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या आहेत. त्यांतील प्रत्येक गोष्ट खरी मानण्याचें कारण नाहीं. पण लोक ज्या पदार्थाविषयीं अशा गोष्टी सांगतात, त्याविषयीं त्यांच्या मनांत काय आहे हें त्यांवरून कळतें.

पाण्याचा हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. धान्य, पाणी आणि अग्नि हीं तिन्ही एकत्र आलीं कीं अन्न खरकटें होतें. मग त्यास सोंवळ्याओंवळ्याचे सर्व नियम लागू. उलट, पाण्याऐवजीं दूध वापरलें तर तो कडकपणा बराच सैल होई. दुधांत भिजविलेली दशमी प्रवासांत चाले ती याच आधारावर. घरांतील म्हाताऱ्या माणसांना हा भेद तोंडपाठ असे आणि सुनांना तो मार खाण्याच्या भीतीनें पाठ होई.

आतां नानकटाईकडे पाहावें. तींत अंडें नाहीं, सूर नाहीं, आणि चांगली साधली असेल तर पाण्याचा थेंबहि नाहीं. तूप, साखर आणि पीठ, एवढ्यावर तिचा सारा डोलारा. येथें शास्त्रकार आणि पाकशास्त्र यांची मोठी गमतीची गांठ पडते. मैद्यांत पाणी पडलें व तो मळला गेला कीं त्यांतील प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते. पावाला ती जाळी हवी असते, कारण आंबवणाचा वायु तिनेंच धरून ठेवावयाचा असतो. नानकटाईला ती नको असते. पिठाचा कण न् कण तुपानें आधींच माखला, आणि पाणी त्याच्या वाट्यास आलेंच नाहीं, म्हणजे जाळी बनत नाहीं व पदार्थ दांतांखालीं विरघळतो. करंजीच्या किंवा शंकरपाळ्याच्या पिठांत कडकडीत मोहन घालतात त्यांतील मर्म हेंच. तेव्हां ज्या कारणानें नानकटाई खुसखुशीत होते, नेमक्या त्याच कारणानें ती ओंवळेपणाच्या कचाट्यांतून सुटली. सोंवळ्यांतल्या आजीला प्रथिनांची वार्ता नव्हती आणि बेकरीवाल्यास धर्मशास्त्राची नव्हती. तरी दोघांची संमति एकाच डब्यावर पडली.

बाकीचें काम हवेचें. थिजलेलें तूप साखरेबरोबर पांढरें होईपर्यंत फेसलें म्हणजे त्यांत हवेचे सूक्ष्म कण अडकतात. भट्टींत ते फुगतात आणि वरच्या पृष्ठावर त्या ओळखीच्या भेगा पडतात. चिमूटभर खाण्याचा सोडा या कामास मदत करतो. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनज्ञानें १८४३ मध्यें बेकिंग पावडर तयार केली ती त्याच्या पत्नीस अंडीं आणि यीस्ट सोसत नसत म्हणून. मराठी गृहिणीस अंडीं आणि आंबवण चालत नसे तें वेगळ्या कारणासाठीं. पण ती पुडी पुढें तिच्याहि फळीवर आली. सोड्याचा हात जड पडला तर मात्र साबणासारखी चव येते, आणि तो डबा पाहुण्यांपुढें न जातां घरांतल्या मुलांनाच संपवावा लागतो.

हा पदार्थ आला कोठून? नांवांतील ‘नान’ हा फारसी शब्द, म्हणजे भाकरी. तिची जन्मकथा सुरतेस सांगतात. डचांनीं तेथें १६१६ मध्यें वखार घातली आणि १८२५ मध्यें ती इंग्रजांच्या स्वाधीन केली. जातांना डच बेकरीवाल्यानें आपली भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाच्या हवालीं केली, अशी तेथील आख्यायिका आहे. गोरें गिऱ्हाईक कमी झालें, पाव उरूं लागले; उरलेले पाव सुकून कडक झाले, आणि लोकांनीं ते स्वस्तांत नेऊन आवडीनें खाल्ले. मग ते मुद्दाम सुकवूं लागले. सूर आणि अंडीं यांचा विटाळ मानणाऱ्या गिऱ्हाइकासाठीं पुढें तुपासाखरेची नानकटाई निघाली. कथेचा तपशील कितीहि सैल धरला तरी तिच्यांतील व्यापारी शहाणपण खरें वाटतें. बिस्कीट या शब्दाचाहि मूळ अर्थ लॅटिनमध्यें ‘दोनदां भाजलेलें’ असाच आहे. समुद्रावरील खलाशांचें तें कोरडें अन्न. सुकविलेला पाव हा त्याचाच भाऊबंद.

येथवर गोष्ट पदार्थाची झाली. माणसांची गोष्ट पुण्यास घडली. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील चाळीसांवर प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायखात्यांतील महादेव गोविंद रानडे होते, केसरीचे बाळ गंगाधर टिळक होते, तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यान आटोपल्यावर मिशनऱ्यांनीं चहा आणि बिस्किटें पुढें केलीं. कोणी चहा घेतला, कोणी यजमानाचा मान राखण्यापुरता पेला हातीं धरून तसाच बाजूस ठेवला. प्रकरण तेथेंच मिटलें असतें. पण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी हेहि तेथें होते. स्वभावानें तऱ्हेवाईक आणि लोकांची फजिती पाहण्याची हौस असलेल्या या गृहस्थांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांतून जगजाहीर केलीं.

मग ग्रामण्य सुरू झालें. ग्रामण्य या शब्दाचा अर्थ आज कोशांत पाहावा लागतो. त्या काळच्या घरांना तो अंगावर सोसावा लागे. पंक्तीला बोलावणें बंद, मुंजीला उपाध्याय नाहीं, लेकीला माहेरीं आणावयाचें तर व्याही काय म्हणतील ही धास्ती. चहा घेतला पुरुषांनीं. पण रोजच्या अपमानाचा मोठा वांटा आला तो ज्यांनीं त्या मिशनची पायरीहि चढली नव्हती अशा बायकांच्या पदरीं. १८९२ मध्यें शंकराचार्यांनीं पाठविलेल्या शास्त्र्यांपुढें चौकशी झाली. टिळकांनीं शास्त्राधार दाखवून वाद घातला आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें असल्याचें सांगितलें. रानड्यांनींहि त्याच वर्षीं प्रायश्चित्त घेतलें. सुधारकांचा अग्रणी पंचगव्य घ्यावयास बसला म्हणून त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला. आपल्यामुळें मित्रांच्या घरांत कलह माजावा हें त्यांस सोसलें नाहीं. रमाबाई रानड्यांनीं १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या प्रकरणाची हकीकत दिली आहे. ती वाचतांना पुस्तकी वादापेक्षां घरांतील माणसांची कुचंबणाच अधिक ध्यानांत राहते. एका पेल्याची आणि बशींतल्या दोन बिस्किटांची एवढी किंमत याहून अन्यत्र क्वचितच कोणी दिली असेल.

व्यापाऱ्यांनीं मात्र या भीतींतूनच मार्ग काढला. १८९८ मध्यें दिल्लीस हिंदु बिस्कीट कंपनी निघाली. हिंदूंच्या हातचीं बिस्किटें हें तिचें नांवच तिची जाहिरात होतें. त्याआधीं १८९२ मध्यें कलकत्त्यास जो लहानसा कारखाना सुरू झाला त्याचीच पुढें ब्रिटानिया झाली. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या दिवसांत प्रश्नाचें रूप पालटलें: बिस्कीट कोणाच्या हातचें यापेक्षां साखर कोणत्या मुलखाची, हें लोक विचारूं लागले. परदेशी साखर हाडांच्या कोळशांतून गाळतात असा बोभाटा झाला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. ‘मोरस’ म्हणून मॉरिशसचें नांव मिरविणारी पांढरी साखर कित्येक घरांतून हद्दपार झाली. १९३२ च्या कायद्यानें देशी साखरकारखान्यांस संरक्षण मिळाल्यावर ती अडचण मिटली. पार्ल्याच्या कारखान्यांतून १९३९ पासून बिस्किटें बाहेर पडूं लागलीं, तोंवर वाद बहुतेक थंडावला होता.

या सर्व काळांत पुरुष आणि बायका यांच्या वाटा भिन्न राहिल्या, हें नमूद करण्यासारखें आहे. पुरुषांनीं बिस्कीट खाल्लें तें इराण्याच्या दुकानांत, संगमरवरी टेबलावर, चहांत बुडवून. घरीं आल्यावर त्याचा उच्चार नाहीं. बायकांनीं बाहेर कांहीं खाल्लें नाहीं. त्यांनीं डबा भरून दिला आणि भट्टीचा पदार्थ राजरोसपणें देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आणला. पुरुषांचें धाडस मोठें खरें, पण बिस्कीट घरांत आणलें तें डब्यानेंच.

ज्यांना बेकरीवाल्याचा हातहि नको होता, त्यांनीं घरींच युक्ति काढली. जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें वाळू पसरून ती चांगली तापवावयाची, तिच्यावर ताटलींत नानकटाई मांडावयाची आणि वर झांकण घालून त्यावर रसरशीत निखारे ठेवावयाचे. खालून वाळूची मंद आंच, वरून निखाऱ्यांची. दर पांच मिनिटांनीं झांकण उचलून पाहण्याचा मोह झाला कीं धग जाते आणि नानकटाई बसते. शिवाय राखेचा कण आंत पडण्याचें भय. एका खेपेस आठ-दहा निघत, त्यांतील दोन तरी करपलेल्या. आज विजेची पेटी ओट्यावर ठेवून अंशांच्या हिशेबानें धग देणाऱ्या घरांत हा खटाटोप हास्यास्पद वाटेल. पण ती पेटी करते तें हेंच.

गोंव्याच्या ख्रिस्ती घरांत ही निखाऱ्यांची विद्या पूर्वींपासून मुरलेली आहे. नाताळच्या सुमारास तेथें बेबिंक करितात: नारळाचा दाट रस, अंड्यांचा बलक, साखर, तूप आणि थोडा मैदा यांचें पातळ मिश्रण पळीपळीनें ओतून एकेक थर वरच्या विस्तवावर भाजावयाचा, तो तांबूस झाला कीं तूप सोडून पुढचा थर. सात थरांस अर्धा दिवस सहज जातो. रवा आणि खोबरें यांची बोलिन्हां ही तर नानकटाईची सख्खी मावसबहीण, फरक अंड्याचा. तेथील ताटांत या पदार्थांशेजारींच नेवऱ्या असतात, आणि नेवरी म्हणजे करंजीच. धर्मांतर झालें तरी करंजी सुटली नाहीं. इकडे धर्म राखूनहि भट्टीचा पदार्थ आला.

बेकरीवाले पाव भाजून झाल्यावर, भट्टीची धग उतरूं लागली म्हणजे नानकटाईचे पत्रे आंत घालीत. चढत्या आंचेवर ती बाहेरून लाल आणि आंत कच्ची राहते. दिवाळीच्या गर्दींत मात्र हा नियम पाळणें कठीण होई आणि सकाळचे डबे घाईनें उरकले जात. अनुभवी बायका म्हणूनच डबा रात्रीं उशिरां पाठवीत. मुलगा बाकावर पेंगत बसे, भट्टींतील लाकडें विझून नुसती विटांची ऊब उरे, आणि त्या ऊबेवर भाजलेला शेवटचा पत्रा पहांटे बाहेर निघे. रंगानें जरा फिका, पण हातांत धरतांच फुटणारा.