काढता येणारी बॅटरी व मेमरी कार्ड (स्मार्टफोन)

वापरकर्त्याला स्वतः बदलता येणारी बॅटरी आणि साठवण वाढवणारे मायक्रोएसडी कार्ड या सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनमधील सोयी होत. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये त्या नव्हत्या. सॅमसंगने २०१५ च्या गॅलेक्सी एस६ मध्ये दोन्ही वगळल्या, मात्र कार्ड पुढच्याच वर्षी परत आणले. लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक क्षीण होते. ती आत चिकटवलेली असल्यास एरवी धडधाकट फोनही कारागिराकडे न्यावा लागतो. मुंबईत अशा कामासाठी गिरगावालगतचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) हा इलेक्ट्रॉनिक वस्तू व सुट्या भागांचा बाजार परिचित आहे. फोन पूर्ण बंद पडल्यास कार्डावरील छायाचित्रे सहसा दुसऱ्या यंत्रात वाचता येतात. अंतर्गत साठवणीतील मिळवणे फार अवघड असते. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, वापरकर्त्याला बदलता येणारी बॅटरी बंधनकारक होणार आहे.