स्वयंचलित गिअरबॉक्सचे आयुष्य : कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कशाने झिजले आणि ती झीज कोणाच्या पदरी पडली, हा प्रश्न अभ्यासकांनी कारागिरांवर सोडून दिलेला दिसतो. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी द्रवाच्या माध्यमातून शक्ती वाहून नेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबिलमध्ये 'हायड्रा-मॅटिक' बसविली. इतके सर्वत्र आढळते. या दोन्ही योजनांत तेल हाच यंत्राचा प्राण होता, ही गोष्ट मात्र ओझरती येते.

१९९४ साली टोयोटाची आरएव्ही४ आणि १९९५ साली होंडाची सीआर-व्ही आली, तेव्हा कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा वर्ग रूढ झाला. ही वाहने दिसण्यात जीपच्या जातीची, परंतु त्यांचा सांगाडा व यंत्रणा मोटारगाडीच्या घराण्यातील. उंच व जड शरीराचा भार अशा रीतीने मोटारीसाठी विकसित झालेल्या गिअरबॉक्सवर आला. तरीही प्रत्येक बिघाड गिअरबॉक्सचाच असतो असे नव्हे. २००१ ते २००३ च्या आरएव्ही४ मध्ये गिअर बदलताना बसणाऱ्या धक्क्यांचे मूळ अनेकदा नियंत्रक संगणकात होते. लक्षण एका ठिकाणी व कारण दुसऱ्या ठिकाणी, हा अनुभव इतिहासाच्या विद्यार्थ्यास अपरिचित नसावा.

खरा पेच पट्ट्याच्या गिअरबॉक्सने, म्हणजे सीव्हीटीने, निर्माण केला. हॉलंडमधील डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्याची 'व्हेरिओमॅटिक' छोट्या मोटारीत आणली. पुढे शेकडो पातळ पोलादी तुकडे ओवलेला पट्टा तयार झाला; १९८७ च्या सुबारू जस्टीत तो वापरला गेला. रबरी पट्टा ओढून शक्ती देई, पोलादी पट्टा ढकलून देतो. ठरावीक गिअर नसल्याने इंजिन सोयीच्या वेगात ठेवता येते व इंधन वाचते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने इंधनबचतीची सरासरी कंपन्यांवर बंधनकारक केली होती व २००७ च्या कायद्याने ती आणखी कडक केली. हे ध्यानात घेतले म्हणजे सीव्हीटीच्या प्रसाराचे नवल वाटत नाही.

परंतु येथे तेलाकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते. त्याने पोलाद झिजू देता कामा नये, आणि त्याच वेळी पट्टा व पुली यांची पकड निसटू देता कामा नये. उष्णतेने तेलाचा कस उतरला की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, धातूचा कीस झडपांत शिरतो व गाडी थरथरू लागते. घाटात किंवा तीव्र उन्हाळ्यात संगणक यंत्र वाचविण्यासाठी गाडीचा वेग आपोआप उतरवितो. चालकास तो बिघाड वाटतो; यंत्राच्या दृष्टीने तो आत्मरक्षणाचा उपाय होय.

या संदर्भात वॉरंटीची कागदपत्रे जाहिरातींहून अधिक बोलकी आहेत. निसानने २००३ ते २०१० च्या सीव्हीटी मॉडेलांची मुदत अमेरिकेत ५ वर्षे वा ६०,००० मैलांवरून १० वर्षे वा १,२०,००० मैलांपर्यंत वाढविली. त्यांत २००७ साली विक्रीस आलेली 'रोग' ही कॉम्पॅक्ट एसयूव्हीही होती. पुढे २०१४ ते २०१८ च्या 'रोग'संबंधी न्यायालयीन तडजोड झाली, तेव्हा मुदत ८४ महिने वा ८४,००० मैल ठरली. दुसरी सवलत पहिलीपेक्षा आखूड, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कंपन्या दुरुस्तीकेंद्रांस पाठवितात त्या सूचनांच्या प्रती अमेरिकेत महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे दाखल कराव्या लागतात व त्या अभ्यासकास पाहता येतात. हे साधन मोलाचे, पण एकांगी आहे. त्यांत प्रामुख्याने मुदतीच्या आतील गाडी बोलते. मुदत संपल्यावर गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे असते. 'आयुष्यभर बदलावे लागणार नाही' असे सांगून विकलेले तेल तिच्यात तसेच असते, आणि गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. मग इंजिन धडधाकट असतानाही गाडी भंगारात जाते. त्या निर्णयाची नोंद कुठे असलीच, तर ती गॅरेजवाल्याच्या वहीत. आणि तशा वह्या कोणत्याही संग्रहालयाने मागविल्याचे दिसत नाही.