चाळणे आणि हुडकणे : मराठी पानाचा इतिहास

वाचनाकलन शिकविताना आज दोन रीतींवर भर दिला जातो. मजकुराचा आशय कळावा म्हणून पानावरून भरभर नजर फिरविणे, म्हणजे स्किमिंग. आणि नेमका एखादा तपशील शोधणे, म्हणजे स्कॅनिंग. नावे इंग्रजी असली तरी या रीती मराठीला परक्या नाहीत. चाळणे आणि हुडकणे ही आपलीच क्रियापदे आहेत. पोथीतील अध्याय व ओवी यांचे क्रमांक हे हुडकण्याचे साधन होते. पेशवेकालीन पत्राच्या मायन्यावरून ते कोणी, कोणाला, कोणत्या नात्याने लिहिले हे जाणकाराला कळे; हिशेबाचे सार गोषवाऱ्यात मिळे.

परंतु हे कसब सरावलेल्या मूठभरांचेच राहिले. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढीत आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. शब्दांत अंतर नसे, विरामचिन्हे नसत. शब्द कोठे संपतो हे ठरवितानाच नवख्याची शक्ती खर्ची पडे.

एकोणिसाव्या शतकात छपाईने हे पान पालटले. विल्यम केरी यांच्या १८१० सालच्या कोशात मराठी शब्द मोडी टाइपातच होते. १८३१ साली आलेल्या मोल्सवर्थ यांच्या कोशात ते देवनागरीत, वर्णानुक्रमे मिळू लागले. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत मांडला. मेजर कँडी यांनी विरामचिन्हे रुजविली. सुटे शब्द, पूर्णविराम, शीर्षक आणि अनुक्रमणिका यांमुळे कारकुनाचे कसब सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेलेल्या आपल्या सीमाभागात या वारशाचे मोल अधिक आहे. येथील मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा सांभाळाव्या लागतात. मराठीच्या तासाला धडा केवळ मोठ्याने वाचून घेण्यावर भागविले, तर उच्चार सुधारतील, आकलन वाढेलच असे नाही. त्याऐवजी आधी शीर्षक आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य पाहून धड्याचा विषय एका वाक्यात सांगायला लावावे. मग एखादे नाव वा साल हुडकायला द्यावे. शेवटी अडलेला शब्द कोशात शोधायला लावून धडा सावकाश वाचावा.

ज्याला आपल्या भाषेच्या पानातून हवे ते हुडकता येत नाही, तो ती भाषा घरी बोलत राहील. ज्ञानासाठी मात्र दुसऱ्या भाषेकडे वळेल.