बंद दिवसांची मजुरी : नाशिक जिल्हा आणि दोन महासाथी

साथीमुळे काम थांबले तर त्या दिवसांची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न महाराष्ट्रात सव्वाशे वर्षे जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या हिवाळ्यात शहराची जवळपास निम्मी वस्ती कोकणात आणि घाटावर निघून गेली. तेव्हा गिरण्यांत पगार महिन्याचा असे आणि तोही महिना उलटून बऱ्याच दिवसांनी हातात पडे. कामगार मध्येच निघून जाऊ नये, म्हणून मालक मागचा पगार अडकवून ठेवत. प्लेगने ही व्यवस्था काही काळ मोडली. मजूर मिळेनासे झाले, तसे गिरणीवाल्यांनी संध्याकाळी रोख रोजंदारी द्यायला सुरुवात केली. वर बक्षिशी दिली आणि एकमेकांचे कामगार जास्त दर देऊन ओढले. त्या साथीत कामगार आधी गेला आणि त्याला थांबवण्यासाठी मजुरी वाढली. २०२० मध्ये मजुरी आधी थांबली आणि म्हणून कामगार निघाला.

मुंबई सोडणारी माणसे रेल्वेने आणि आग्रा रस्त्याने नाशिक जिल्ह्यात शिरली. त्यांच्यापाठोपाठ प्लेगही आला. १८९९ मध्ये भगूरला विनायक दामोदर सावरकरांचे वडील त्यातच वारले. दरम्यान, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचे रोग अधिनियम मंजूर झाला होता. प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, आजाऱ्यांचे विलगीकरण या सगळ्याचे अधिकार त्यात आहेत, पण बुडालेल्या मजुरीबद्दल एक शब्द नाही. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने करोनासाठी लागू केला, तो हाच कायदा. मजुरीची तरतूद त्यामुळे दुसरीकडून शोधावी लागली.

तोवर नाशिक कामगारांचा जिल्हा झाला होता. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिन्नरजवळची माळेगाव आणि मुसळगावची वसाहत, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने अशी ही रांग आहे. महिंद्रा, बॉश यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग करून देणाऱ्या शेकडो लहान शेडी उभ्या राहिल्या. एका छताखाली काम करणाऱ्यांत मात्र प्रतवारी होती. कायम कामगाराचे नाव कंपनीच्या मस्टरवर असे आणि कंत्राटी कामगाराचे ठेकेदाराच्या. त्याखाली हंगामी, प्रशिक्षणार्थी आणि रोजंदारीवाले येत. त्यांचे नाव कधी वहीत असे, कधी नुसते मुकादमाच्या लक्षात. टाळेबंदीत या प्रतवारीचा खरा अर्थ उघडा पडला.

२० मार्च २०२० रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने मालकांना सल्ला दिला की, विशेषतः हंगामी आणि कंत्राटी कामगारांना कामावरून काढू नये, त्यांचा पगारही कापू नये. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली आदेश काढला आणि बंद काळाची मजुरी ठरल्या दिवशी, कोणतीही कपात न करता देण्याचे बंधन मालकांवर घातले. ३१ मार्चच्या शासन निर्णयाने राज्यानेही कंत्राटी, तात्पुरत्या आणि रोजंदारीवरच्या कामगारांना घरी असतानाही कामावर हजर धरावे, असे सांगितले. हुकूम स्पष्ट होता, पण त्यामागे सरकारी पैसा नव्हता. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास सरकारने घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्के वाटा, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, स्वतः उचलला. जर्मनीत कमी झालेल्या कामाच्या पगाराचा हिस्सा बेरोजगारी विम्यातून भरून देण्याची जुनी पद्धत वाढवण्यात आली. भारतात हा बोजा मालकावर टाकला गेला. मोठ्या कंपनीला तो एक-दोन महिने पेलता आला. पंधरा-वीस माणसांच्या शेडीचे गणित वेगळे होते : माल गेलेला नाही, मागचे बिल मोठ्या कंपनीकडे अडकलेले, बँकेचा हप्ता आणि विजेचा स्थिर आकार मात्र चालूच. अशा मालकाला नुसता हुकूम सोडणे हा धोरणाचा कच्चा भाग होता आणि त्याची किंमत शेवटी कामगारानेच मोजली.

औद्योगिक विवाद अधिनियमातली जुनी वाटही अरुंद होती. १९५३ च्या दुरुस्तीने त्यात ले-ऑफची भरपाई आली : मालकाला काम देता आले नाही, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम. पण हा हक्क पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांतच लागू होता आणि बदली किंवा नैमित्तिक कामगाराला तो नव्हता. लहान शेडीतला कामगार दोन्ही अटींवर बाहेर पडत होता.

प्रश्न लवकरच न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. रवींद्र घुगे यांनी प्रवास आणि भोजन भत्ता वगळून पगार देण्यास सांगितले. जिथे कारखाने सुरू झाले आहेत, तिथे आपणहून गैरहजर राहणाऱ्याचा पगार कापण्याची मुभाही त्यांनी दिली. १७ मेच्या आदेशाने केंद्राने २९ मार्चचा हुकूम १८ मेपासून मागे घेतला. १२ जून रोजी फिकस पॅक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधल्या सुमारे पन्नास दिवसांच्या मजुरीबाबत मालक आणि कामगारांनी वाटाघाट करावी, न जमल्यास कामगार खात्याकडे जावे आणि तोवर मालकांवर सक्तीची कारवाई होऊ नये, असे सांगितले. ज्या कारखान्यात संघटना मजबूत होती, तिथे वाटाघाटीला अर्थ होता. ठेकेदाराकडच्या सुट्या माणसाला समोर बसून बोलायला कोणी नव्हते. कित्येकदा तर ठेकेदाराचा फोनही लागत नव्हता.

मालेगावात या हुकमांचा काही उपयोगच नव्हता. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर आग्रा रस्त्याने उतरत येऊन मोसम नदीकाठी वसले. त्यांचे हातमाग पुढे यंत्रमाग झाले आणि त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. माग चालवणाऱ्याची मजुरी मीटरवर ठरते. पाळी बारा तासांची, हिशेब आठवड्याचा आणि सुट्टी शुक्रवारची. कांडी भरणारे, बीम भरणारे, गाठी उचलणारे, चहाची गाडी लावणारे, सगळ्यांचा आठवडा त्याच हिशेबावर चालतो. अशा कामात बंद काळाची मजुरी मोजणार कशावर? कापड निघाले नाही तर मीटर नाही आणि मीटर नाही तर आकडा नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शहरात करोनाचे रुग्ण आढळले आणि काही दिवसांतच मालेगाव राज्यातल्या सर्वांत गंभीर केंद्रांपैकी एक झाले. माग आठवडेच्या आठवडे थांबले. दाट मोहल्ल्यांतल्या एका-एका खोलीत पूर्ण कुटुंबे बसून राहिली. रमजान त्याच काळात आला, एरवी कापडाच्या आणि खरेदीच्या गर्दीचा महिना. मागवाल्याकडची उचल, दुकानदाराची उधारी आणि शेजारपाजारची मदत हाच तिथला खरा निर्वाह भत्ता होता.

सिन्नरच्या विडी कामगार बायकांचेही तसेच. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे असते. पान-तंबाखूची विक्री थांबली, तशी पाने आणि तंबाखू मिळणेही थांबले. त्यांना निदान विडी कामगार म्हणून ओळखपत्र आणि १९६६ चा स्वतंत्र कायदा होता. शेतातल्या मजुराला तेही नव्हते. टाळेबंदी आली तेव्हा निफाड आणि दिंडोरीत द्राक्षाची काढणी चालू होती. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून आलेल्या आदिवासी टोळ्या बागांतून परत निघाल्या. लासलगाव परिसरातच मार्चअखेर जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. कांद्याचे लिलाव बंद-चालू होत राहिले आणि हमाल-मापाऱ्यांची हमाली, तोलाई त्याबरोबर खाली-वर झाली. गावी पोचलेल्यांना रोजगार हमीचे काम मागता येत होते. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क झालेल्या महाराष्ट्राच्या योजनेचा तो वारसा. केंद्रीय योजनेखाली राज्यातला दर त्या एप्रिलपासून रोज २३८ रुपये झाला होता. शहरात अडकलेल्याला मात्र असा हक्क कुठल्याही कायद्याने दिलेला नव्हता. महासाथीत सर्वांत मोठी उणीव भासली ती हीच.

मुंबई आणि ठाण्यातून निघालेले मजूर मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून कसारा घाट चढून इगतपुरीला येत होते. १८९७ मध्ये पळून येणाऱ्यांसाठी गाड्या होत्या, आता रूळ मोकळे होते. शासनाने त्यांना अडवून नाशिकच्या निवारा केंद्रांत ठेवले. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे महाराष्ट्रातली पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. तिच्यात साडेतीनशेच्या आसपास प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी लखनौची गाडी आठशेहून अधिक लोकांना घेऊन गेली. महामार्गावरचे चालणे तरीही मे महिनाभर थांबले नाही. मुलांना कडेवर घेतलेली, सायकलला बोचकी बांधलेली माणसे पिंपळगाव, चांदवड, मालेगाव करत मध्य प्रदेशच्या हद्दीकडे सरकत राहिली. वाटेवरच्या गावांनी आणि गुरुद्वारांनी त्यांना जेवू घातले. मजुरांकडून भाडे घेऊ नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ मे रोजी आला. तोपर्यंत बरेच जण जाऊन पोचले होते.

सरकारी मदत नोंदवहीच्या मागे चालली. २६ मार्चच्या केंद्रीय पॅकेजात शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांतल्या ९० टक्क्यांचा पगार १५,००० रुपयांखाली असलेल्या आस्थापनांचा भविष्य निर्वाह निधीचा दोन्ही बाजूंचा हप्ता, म्हणजे २४ टक्के, सरकारने भरला. निधीतून तीन महिन्यांच्या पगाराएवढी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतली कमी रक्कम काढण्याची सोय झाली. ही सोय म्हणजे कामगाराचीच म्हातारपणाची पुंजी होती. जनधन खाते असलेल्या बायकांना तीन महिने ५०० रुपये मिळाले. राज्याने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यांत २,००० रुपये टाकले. शिवभोजन थाळीचा दर दहावरून पाचावर आला. शिवभोजनाचे अन्न व नागरी पुरवठा खाते तेव्हा नाशिकचे पालकमंत्री छगन भुजबळ यांच्याकडेच होते. केशरी शिधापत्रिकेवर आठ रुपये किलोने गहू आणि बारा रुपये किलोने तांदूळ मिळाला. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोकरी गमावलेल्यांसाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती. तिचा भत्ता ऑगस्टमध्ये सरासरी कमाईच्या २५ वरून ५० टक्के झाला, मुदत जास्तीत जास्त नव्वद दिवस. खऱ्या बेरोजगारी विम्याच्या जवळ जाणारी ही तरतूद. ती मात्र किमान दोन वर्षे विमा हप्ता भरलेल्यांसाठी होती.

कारखाने जूननंतर हळूहळू भरू लागले, पण रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर शांतच राहिले. देवस्थाने १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद होती. फुले-प्रसाद विकणारे, टांगेवाले, लॉजमधली पोरे, पूजेचे साहित्य मांडणाऱ्या बायका यांची कमाई यात्रेकरूच्या पावलांवर होती आणि त्यांचे मालक म्हणावे असे कोणी नव्हते.

दुसऱ्या लाटेत पद्धत थोडी बदलली. १३ एप्रिल २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध जाहीर करतानाच ५,४७६ कोटींची मदत सांगितली. त्यात नोंदणीकृत घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, अधिकृत फेरीवाले आणि बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. मदत बंदबरोबर जाहीर झाली, हा पहिल्या लाटेतून घेतलेला धडा. विशेषणे मात्र तीच राहिली : नोंदणीकृत, परवानाधारक, अधिकृत. आदिवासी कुटुंबांसाठी खावटी योजना पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात काम नसताना खाण्यापुरते कर्ज, या रूपात ती १९७८ पासून होती. आता ४,००० रुपयांचे अनुदान ठरले, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-किराण्याच्या रूपात. घोषणा २०२० ची, पण वाटप २०२१ मध्ये लांबले. ज्या पावसाळ्यासाठी ती होती, तो केव्हाच सरला होता.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. तिच्यात ले-ऑफसाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून लागू झाली. संहिता प्रत्यक्षात २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२१ रोजी, असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. मालेगावचा माग चालवणारा, पेठची द्राक्षमजूर आणि रामकुंडावरची फुलवाली यांना त्यावर प्रथमच एका राष्ट्रीय यादीत क्रमांक मिळू शकला. त्या क्रमांकाला बंद दिवसांची मजुरी मात्र जोडलेली नाही.