मराठेशाहीतील मायने आणि एक झिजलेले विशेषण

मराठी दप्तरे चाळणाऱ्यास प्रथम कंटाळा येतो तो मायन्यांचा. आरंभी 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री', मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहिण्याविषयी विनंती, आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. पत्र कर्जाच्या तगाद्याचे असो वा वेढ्यात सापडलेल्या ठाण्यातून आलेले असो, कुशल हे कळवावयाचेच. कोणास काय लिहावे याचे नमुने मेस्तकांत तयार असत : वडिलांस तीर्थरूप, धाकट्यांस चिरंजीव, विधवेस गंगाभागीरथी. कारकुनास विचार करावा लागत नसे. कित्येक छापील संग्रहांत मायना गाळून एकदम मजकुरास आरंभ केलेला आढळतो. कागदाची काटकसर म्हणून हे समजण्याजोगे आहे. पण त्यात पुरावा हरवतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पेशव्यांच्या मुद्रेचेच पाहावे. पहिल्या बाजीरावांच्या मुद्रेत 'राजा शाहू नरपति हर्षनिधान' असे शब्द आहेत. 1749 मध्ये शाहू महाराज निवर्तले. रामराजे गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी ताराबाईंनी त्यांस साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेविले. 1761 मध्ये माधवराव पेशवे झाले, तेव्हा राजाच्या हाती कारभार असा उरलाच नव्हता. तरी माधवरावांच्या मुद्रेत शाहूंच्या जागी राजारामाचे नाव आले एवढेच. 'हर्षनिधान' जागचे हलले नाही. हे विशेषण राजाचे घ्यावे की प्रधानाचे, हा पदच्छेदाचा प्रश्न येथे बाजूस ठेवू. कसेही घेतले तरी बंदिवान राजाच्या नावाशी हर्ष जोडलेला राहतोच.

यास ढोंग म्हणणे सोपे आहे, बरोबर नाही. शब्द इतका झिजला होता की तो कोणी अर्थासाठी वाचीत नसे, आणि त्यातच त्याचा उपयोग होता. नवे शब्द घडवावयाचे तर पेशव्यांचा अधिकार कोणाकडून आला, हे नव्याने लिहावे लागले असते. ते उत्तर पुण्यास सोयीचे नव्हते आणि शिंदे, होळकर, भोसले यांसही परवडणारे नव्हते. जुन्या शब्दाने तो प्रश्न उपस्थित होऊ दिला नाही. 1796 मध्ये दुसऱ्या बाजीरावांसाठीही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागली.