१५ जानेवारी १९४९ : गांधी घाटाचे उद्घाटन

कोलकात्याजवळ बराकपूरला, हुगळीच्या काठी बांधलेल्या गांधी घाटाचे उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी या दिवशी केले. घाटाचे वास्तुविशारद हबीब रहमान मूळचे कोलकात्याचे. शिबपूरला इंजिनिअरिंग केल्यावर ते अमेरिकेत एमआयटीत वास्तुकला शिकले आणि वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली काम करून परतले. देवळाचे शिखर, मशिदीचा घुमट आणि क्रूस त्यांनी घाटावरच्या एकाच मनोऱ्यात आणले. ऐकताना खिचडीची धास्ती वाटते. पण नक्षीला फाटा दिल्याने मनोरा साधा, सडसडीत दिसतो. नेहरूंना तो भावला. कोलकात्याला पोलादी सांगाड्याचे १४ मजली नवे सचिवालय देऊन रहमान दिल्लीला गेले. तिथे त्यांचे रवींद्र भवन गाजले. सरकारी नोकरांसाठी त्यांनी आखलेल्या घरांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.